सीडारवुड तेलाचे गुणधर्म काय? केस गळत असतील तर लावावे का?

आधी बाटलीवरचे शास्त्रीय नाव वाचा, कारण ‘सीडारवुड’ या एकाच नावाखाली वेगवेगळी तेले विकली जातात. हिमालयीन आणि अ‍ॅटलास हे खरे देवदार. त्यांच्या तेलात हिमॅकॅलीन नावाचा सुगंधी घटक जास्त असतो. व्हर्जिनियाचे झाड मात्र जुनिपर या दुसऱ्याच झाडाच्या कुळातले, त्याच्या तेलात सेड्रॉल आणि सेड्रीन हे घटक असतात. लाकडाचा भुसा वाफेवर ऊर्ध्वपातित करून हे तेल काढतात.

ते सावकाश उडते, म्हणून अत्तरात इतर सुगंध धरून ठेवायला वापरतात. लोकरी कपड्यांना कसर लागू नये म्हणूनही उपयोगी. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखालीही पूर्वी हेच घालत, कारण त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचे प्रमाण) काचेच्या जवळ जातो! मला हा उपयोग फार आवडतो.

केसांबद्दल: १९९८च्या एका चाचणीत चाई पडलेल्या (डोक्यावर गोल टक्कल पडलेल्या) ८६ रुग्णांपैकी सुगंधी तेलांचे मिश्रण चोळलेल्या गटात ४४ टक्के जणांना फरक पडला, नुसते साधे तेल चोळलेल्या गटात १५ टक्के. पण त्या मिश्रणात सीडारवुडबरोबर थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडरही होते, त्यामुळे श्रेय एकट्या सीडारवुडला देता येत नाही. नेहमीच्या केसगळतीवर तर ती चाचणी नव्हतीच.

लावायचेच तर ३० मिली साध्या तेलात १०-१२ थेंब, आधी हातावर लावून बघा. पोटात मुळीच घेऊ नका. गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.