पुरुषाच्या स्तनातली 'साधी' गाठ

प्रश्न असा आहे : वडिलांच्या बायॉप्सी रिपोर्टवर 'मायोफायब्रोब्लास्टोमा, बिनाइन' असं आलं आहे. नातेवाइकांना सांगताना 'सौम्य कॅन्सर' म्हटलं तर चालेल का? आणि पुरुषाबद्दल 'स्तन' म्हणायचं की 'छाती'?

'सौम्य कॅन्सर' कृपा करून म्हणू नका. परिभाषेत बिनाइनला 'सौम्य' म्हणतात हे खरं, पण बोलताना आपण सौम्य ताप, सौम्य धक्का म्हणतो, म्हणजे कमी जोराचा. ऐकणाऱ्याला वाटणार, कॅन्सर आहेच, फक्त बेताचा. बिनाइन गाठीची जातच वेगळी. ती जागच्या जागी वाढते, दुसऱ्या अवयवांत पसरत नाही. 'कॅन्सरची नसलेली गाठ' किंवा 'साधी गाठ' म्हणा.

नावातल्या 'ओमा'लाही घाबरू नका. लायपोमा ही चरबीची साधी गाठ, मेलानोमा हा कॅन्सर; प्रत्यय एकच. मायो म्हणजे स्नायू, फायब्रो म्हणजे तंतू. मायोफायब्रोब्लास्ट पेशी जखम भरताना तंतू तयार करतात आणि स्नायूसारख्या आकसून जखमेच्या कडा जवळ ओढतात. स्तनातल्या अशा पेशींच्या गाठीला हे नाव १९८७ सालचं. ती दुर्मीळच, आणि बहुधा उतारवयात आढळते.

'साधी' म्हणायला मात्र एक अट आहे. 'दुखत नाही, बोटाखाली सरकते, म्हणजे साधीच असेल' हा झाला अंदाज. पुरुषांतला स्तनाचा कॅन्सरही बऱ्याचदा दुखत नाही. सोनोग्राफीत कडा गुळगुळीत दिसल्या तरी सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. त्यात चातीसारख्या निमुळत्या पेशी आणि मधूनमधून कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे जाड पट्टे दिसतात. तशा पेशी काही कॅन्सरमध्येही असतात, म्हणून पेशींत सीडी३४, डेस्मिन अशी प्रथिनं आहेत का, याच्या चाचण्या लावून खात्री करतात. एवढं झालं की 'साधी' हा शब्द निःशंकपणे वापरावा. गाठ पूर्ण काढली की सहसा पुन्हा होत नाही.

आता 'स्तन'. पुरुषालाही स्तनाग्रामागे थोडं स्तनाचं ऊतक असतं, त्यामुळे शब्द अचूक आहे. 'छातीत गाठ' म्हटलं की समोरचा फुप्फुसाचा विचार करतो. संकोचापोटी शब्द टाळला जातो आणि मग गाठ दाखवायलाही उशीर होतो, याचं मला फार वाईट वाटतं. स्तनाच्या कॅन्सरचे साधारण १ टक्का रुग्ण पुरुष असतात. डॉक्टरांसमोर तरी 'स्तनात गाठ लागते' असंच सांगावं.