हरणारा बेसबॉल संघ आपलेच चांगले खेळाडू का विकतो, आणि लोक तरी अशा संघाला का धरून राहतात?

तुम्ही लिहिलंय की पिट्सबर्गला येऊन चार महिने झाले, ऑफिसात जो तो पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाच्या नावाने बोटं मोडतो आणि टोपी मात्र पायरेट्सचीच घालतो. संघ आपलेच चांगले खेळाडू का विकतो हे तुम्हाला कळत नाही, आणि सीझन तिकीट घ्यावं की नाही हेही ठरत नाही. तिकिटाचं शेवटी सांगते.

विकण्याचं गणित अवघड नाही. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, संघाने पगारावर किती खर्च करावा याला वरची मर्यादा नाही. खेळाडू वर आला की पहिली सहा वर्षं तो संघाच्या ताब्यात असतो. त्यातली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन पगाराचा वाद लवादापुढे जाईल या धाकाने वाढत जाणाऱ्या पगारावर. सहा भरली की तो मोकळा, जो जास्त देईल त्याच्याकडे जाणार. ज्या मालकाला तेवढे द्यायचे नाहीत तो चौथ्या-पाचव्या वर्षी, भाव आहे तोवर, खेळाडू देऊन टाकतो आणि बदल्यात खालच्या मायनर लीगमधली दोन-चार कोवळी पोरं घेतो. ती तयार होईपर्यंत हरायचं. तयार झाली की त्यांचीही सहा वर्षं संपत येतात.

हे गणित मला पाठ आहे, कारण माझ्या धाकट्या दिरांनी ते माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून मला ऐकवलं होतं, २०१८ च्या संक्रांतीला. त्या दिवशी एक वाक्य बोलून मी गप्प बसले. ते अजून सलतं.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको, बाकीच्यांना सांगून पटणार नाही. तिथे संघ निवडायचा नसतो. ज्या पेठेत जन्मलात तिथल्या तालमीचा संघ तो तुमचा. माझे वडील शाहू स्टेडियमवर उन्हात डोक्याला रुमाल बांधून बसायचे, संघ हरला की घरी येऊन जेवणावर राग काढायचे, गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि पुढच्या मॅचला परत त्याच जागी. पण आमच्या लोकांना जिंकायचंच नव्हतं, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. खेळ कमी पडायचा, ईर्षा कमी पडायची नाही.

२००४ मध्ये इथे आले तेव्हा बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. २००८ च्या नोव्हेंबरात पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून करारबद्ध केलं, तेव्हा लॅबमधले सगळे मलाच विचारायला लागले, जणू ते माझ्या गल्लीतले. पुढे ते मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. पण मुलगा तेव्हा तीन महिन्यांचा होता, रात्री जागरणं होती, आणि पुढच्या उन्हाळ्यात टीव्हीवर मॅच लावून त्याला झोपवायची मला सवय लागली. त्याच उन्हाळ्यात, २००९ च्या जूनमध्ये, अँड्र्यू मॅक्कचन पायरेट्सकडून पहिल्यांदा खेळला.

लॅबमधल्या एका वयस्क सहकाऱ्याने मला मागचं सगळं सांगितलं. १९९२ च्या लीगच्या अंतिम मालिकेतली, अटलांटातली सातवी मॅच, शेवटची इनिंग, दोन आउट, एक चेंडू उरला म्हणावं अशी वेळ, आणि सिड ब्रीम घसरत होम प्लेटला पोचला, म्हणजे अटलांटाची विजयी धाव झाली. हा ब्रीम दोन वर्षांपूर्वी पायरेट्सचाच होता. त्याच हिवाळ्यात संघाचा सर्वोत्तम खेळाडू बॅरी बॉन्ड्स सोडून गेला. मग सलग २० मोसम जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. सांगताना त्या माणसाचा आवाज बसला होता, आणि मला लगेच वडील आठवले.

मग २०१३ आलं. ९४ विजय, मॅक्कचन लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि १ ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्धची ती वाइल्ड कार्ड मॅच, हरलं की मोसम संपला अशी. ४० हजारांहून जास्त माणसं काळे कपडे घालून आलेली, सगळं मैदान एका सुरात 'क्वे-टो, क्वे-टो' ओरडतंय, समोरच्या पिचरच्या, क्वेटोच्या, हातातून चेंडू निसटून खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. आम्ही घरी टीव्हीवर बघत होतो. पाच वर्षांचा मुलगा सोफ्यावरून उडी मारून थेट माझ्या अंगावर. या शहराला बेसबॉलचं प्रेम नाही, असं जे म्हणतात त्यांनी ती रात्र पाहिलेली नाही.

आता संक्रांत. दीर आणि जाऊबाई एडिसनहून सहा तास गाडी चालवून आले होते, सोमवारची सुट्टी जोडून. भाऊजी न्यू जर्सीत राहतात, न्यूयॉर्कच्या यँकीज संघाचे भक्त. शनिवारी, १३ तारखेला, पायरेट्सचा पिचर गेरिट कोल ह्यूस्टनला दिल्याची बातमी आली. मुलगा थोडा हिरमुसला, पण पिचर येतात-जातात हे त्याला माहीत होतं. रविवारी घरी हळदीकुंकू होतं, आणि हा स्वेटरवर २२ नंबरची मॅक्कचनची जर्सी चढवून सगळ्यांना तिळगूळ वाटत फिरत होता. ती जर्सी मी मशीनमध्ये कधी टाकली नाही. उलटी करून हाताने धुवायची, सावलीत वाळवायची. तरी दुसऱ्या दोनाचा खालचा कोपरा सुटला होता, तो मी वर सुती फडकं ठेवून इस्त्रीने चिकटवला होता.

सोमवारी दुपारी निघायची गडबड. मी वाटेसाठी गुळाच्या पोळ्या डब्यात भरत होते. मुलगा जिन्याच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता.

"घ्या वहिनी, मॅक्कचन पण गेला," भाऊजी फोनकडे बघत म्हणाले. "सॅन फ्रान्सिस्को."

"कोण गेला, काका?"

"तुझा बावीस नंबर. विकला त्याला."

मुलाने विचारलं, "त्याला विचारलं होतं?"

भाऊजी हसले. माणूस वाईट नाही, माझ्या बाळंतपणात एडिसनहून धावत आलेले आहेत. पण तेव्हा म्हणाले, "अरे, विचारायचं काय त्यात? छोट्या मार्केटचा संघ आहे. माल उतरणीला लागायच्या आत विकायचा. शेअर पडायला लागला की धरून बसतं का कुणी?"

"भाऊजी, तो नऊ वर्षांचा आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर सांगतोय. आत्ताच कळलेलं बरं."

मुलगा वर गेला आणि नुसत्या स्वेटरवर खाली आला. काकांना नमस्कार केला, गाडी वळेपर्यंत हात हलवला. जर्सी रात्री त्याच्या उशीखाली सापडली, नाव आत जाईल अशी घडी घातलेली. पोळ्यांचा डबा ओट्यावरच राहिला होता.

तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आज लिहिते. चाहत्याला धंदा कळत नाही, हे मला मान्य नाही. धंदा म्हणूनच बघा. मॅक्कचन गेल्यानंतर सहा महिन्यांनी, ३१ जुलै २०१८ ला, याच संघाने टँपा बेकडून क्रिस आर्चर हा पिचर घेतला आणि बदल्यात टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि वर शेन बाझ दिला. मेडोज पुढच्याच वर्षी ऑल-स्टार झाला, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंत गणला गेला. ग्लासनाउ कुठल्या कुठे पोचला. आर्चरचा पिट्सबर्गमधला २०१९ चा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) ५.१९, आणि २०२० मध्ये तो दुखापतीमुळे एकही चेंडू टाकू शकला नाही. विकताना स्वस्तात आणि घेताना महागात, याला कुठल्या बाजारात धंदा म्हणतात?

विकणं हा गुन्हा आहे असंही मी म्हणत नाही. मिलवॉकी हे पिट्सबर्गपेक्षाही छोटं मार्केट. त्यांनी आपले चांगले पिचर दिले, कॉर्बिन बर्न्स दिला, डेव्हिन विल्यम्स दिला, आणि २०२५ मध्ये ९७ विजय मिळवून सगळ्या मेजर लीगमध्ये पहिले आले, तेही आपल्याच गटातून. पायरेट्स त्या वर्षी ७१ विजय, ९१ पराभव. मग 'छोटं मार्केट, छोटं मार्केट' हे पालुपद कुणाला ऐकवता?

पॉल स्कीन्सचं बघा. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडलेला पिचर, २०२५ चा साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार एकमताने. ईआरए १.९७, म्हणजे नऊ इनिंगमागे दोन धावासुद्धा नाहीत. आणि त्याच्या नावावर विजय १०, पराभव १०! अशा पिचरमागे धावा काढणारी बॅटिंग उभी करता येत नसेल तर रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) बनवणाऱ्यांनी हिवाळाभर केलं काय? २०२५ पर्यंतचा संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा, २०२३ मधला, आठ वर्षांचे १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर. न्यूयॉर्कच्या मेट्सनी हुआन सोटोला १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख दिले. तेवढे द्या असं कुणी वेडासुद्धा म्हणणार नाही. पण या दोन आकड्यांच्या मध्ये मोठी जागा आहे, आणि २०२५ पर्यंत तरी बॉब नटिंगनी तिथे पाऊल टाकलं नाही. २००७ पासून तेच मुख्य मालक आहेत.

आणि पायरेट्सच्या राउडी टेलेझचं तर मी विसरूच शकत नाही. २०२४ चा सप्टेंबर, मोसमाचे जेमतेम पाच-सहा दिवस उरलेले. आणखी चार वेळा बॅटिंगला उतरला असता तर त्याला दोन लाख डॉलरचा बोनस मिळणार होता. २४ तारखेला त्याला रोस्टरवरून काढलं. बोनसचा आणि निर्णयाचा संबंध नाही असं संघाने सांगितलं, आणि त्याचा मोसम चांगला गेला नव्हता हेही खरं. पण ऑफिसातले लोक बोटं का मोडतात हे तुम्ही विचारलंत ना, ते यासाठी. हरल्याचा राग दोन दिवसांत उतरतो. पंक्तीला बसलेल्या माणसाचं ताट शेवटच्या वाढपाआधी उचललं, हे डोक्यातून जात नाही.

मॅक्कचन २०२३ मध्ये परत आला. ७ एप्रिलच्या पहिल्या घरच्या मॅचला आम्ही गेलो. तो बॅट घेऊन बाहेर आला तेव्हा लोक उठून उभे राहिले आणि बसेचनात. माझा चौदा वर्षांचा, माझ्यापेक्षा वितीने उंच झालेला मुलगा ती लहानपणची जर्सी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा होता. इस्त्रीने चिकटवलेला तो कोपरा पुन्हा सुटला होता.

३१ जुलै २०२५ ला डेव्हिड बेडनार गेला. पिट्सबर्गच्या उत्तरेला मार्स नावाचं गाव आहे, चौकात उडती तबकडी बसवलेली, तिथला हा मुलगा. आपल्याच गावच्या संघाचा क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा पिचर. तो गेला यँकीजकडे, तीन होतकरू पोरांच्या बदल्यात. घरच्या ग्रुपवर भाऊजींचा मेसेज आला, "थँक यू पिट्सबर्ग! आधी कोल, आता बेडनार." कोल ह्यूस्टनहून पुढे यँकीजकडेच गेला होता. मी काही लिहिलं नाही. मुलाने लिहिलं, "काका, तो मार्सचा आहे." त्यावर कुणाचं उत्तर आलं नाही.

लोक धरून का राहतात याचं उत्तर याहून वेगळं मला देता येत नाही. भाऊजी सात वर्षं मला विचारताहेत की जिंकणारा संघ का धरत नाही. वडिलांना कुणी तालीम बदला म्हटलं असतं तर त्यांनी त्याला घरात घेतलं नसतं.

आता तिकीट. सीझन तिकीट घेऊ नका. ८१ मॅचचे पैसे आधीच हातात ठेवले की मालकाला हिवाळ्यात हातपाय हलवायचं कारण उरत नाही. सुटी तिकिटं काढा, स्कीन्स कधी टाकणार आहे ते दोन दिवस आधी कळतं, ते बघून. मॅचच्या दिवशी क्लेमेंटे पूल (संघाचा जुना थोर खेळाडू रोबेर्तो क्लेमेंटे याच्या नावाचा) गाड्यांना बंद असतो, पलीकडे डाउनटाउनला गाडी लावून चालत जा. मैदानाची उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, क्लेमेंटेच्या २१ नंबराइतकी, तिच्या समोर तिसऱ्या बेसच्या बाजूला वर बसलात तर नदी आणि सगळं शहर दिसतं. बाहेरचं खाणं आत नेता येतं, आम्ही धपाटे नेतो. पूर्ण बहिष्कार घाला असं सांगणारेही तुम्हाला भेटतील. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, मला ते जमत नाही एवढंच.

एक राहिलं. मॅक्कचनच्या बदल्यात जे दोघे आले त्यातला एक ब्रायन रेनॉल्ड्स होता, तो दोनदा ऑल-स्टार झाला आणि वर म्हटलेला मोठा करार त्याचाच. म्हणजे तो सौदा वाईट नव्हता, हे सांगायला मला सात वर्षं लागली. भाऊजी, हे तुमच्यापर्यंत पोचणारच आहे, जाऊबाई माझं सगळं वाचतात. रेनॉल्ड्सबद्दल तुम्ही बरोबर होता. पण मुलाने तुम्हाला सौद्याचं विचारलं नव्हतं. त्याला विचारलं होतं का, एवढंच विचारलं होतं. या संक्रांतीला याल तेव्हा त्याला उत्तर द्या. पोळ्या करून ठेवते.