वाचकांचे प्रश्न : माटुंग्याची दाक्षिणात्य वस्ती

प्रश्न : माटुंगा पूर्वेला एवढी मोठी दाक्षिणात्य वस्ती कशी झाली? ती इतरांपासून अलिप्त राहिली, असे ऐकतो. ते खरे आहे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : या वस्तीचे मूळ १८९६च्या प्लेगमध्ये आहे. मांडवीसारख्या दाटीच्या भागांत साथीने हाहाकार माजवल्यावर सरकारने १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने दादर, माटुंगा, शीव या पट्ट्यातल्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि रुंद रस्ते व बागा आखून तेथील भूखंड भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात केली. इमारती मात्र बहुतांशी १९२० व १९३०च्या दशकांत उभ्या राहिल्या. त्याच सुमारास मद्रास इलाख्यातून इंग्रजी शिकलेले, टंकलेखन आणि लघुलेखन येणारे तरुण रेल्वेच्या आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांत नोकरीसाठी येत होते. त्यांतल्या सोवळेओवळे पाळणाऱ्या ब्राह्मण कुटुंबांना चाळीतले सामाईक नळ आणि संडास नको होते. स्वतंत्र स्वयंपाकघर व न्हाणीघर असलेला माटुंग्याचा ब्लॉक त्यांना मानवला. वस्तीच्या जडणघडणीत जातीचा हा भाग होता आणि तो लपवण्याचे कारण नाही.

घर मिळाले म्हणजे वस्ती झाली, असे होत नाही. एकट्या आलेल्या नोकरदारांना खानावळ हवी होती, ती उडुपीकडच्या मंडळींनी चालवली. स्टेशनलगतचे रामा नायक यांचे बोर्डिंग १९४२पासूनचे आहे. मुलांसाठी १९३२मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली. संगीतासाठी १९५२मध्ये षण्मुखानंद सभा स्थापन झाली आणि १९६३मध्ये तिचे भव्य सभागृह उभे राहिले. १९९०च्या आगीनंतर ते अनेक वर्षे बंद होते, तरी सभासदांनी चिकाटी सोडली नाही आणि १९९८मध्ये ते पुन्हा उघडले. माझ्या मते माटुंगा टिकला तो या संस्थांमुळे. नुसत्या शेजारामुळे तो टिकला नसता.

अलिप्ततेचा आरोप मला पटत नाही. याच आखणीत शेजारी दादर पारशी कॉलनी वसली, १९२३मध्ये व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था भायखळ्याहून येथे आली आणि १९३७मध्ये शिखांच्या पुढाकाराने खालसा महाविद्यालय निघाले. कच्छी व गुजराती व्यापारी कुटुंबांची संख्या पुढे इतकी वाढली की काही गल्ल्यांत आज तमिळपेक्षा गुजरातीच जास्त ऐकू येते. किंग्ज सर्कलचा जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) मंडळाचा गणपती कोकणी बोलणाऱ्या सारस्वतांनी १९५५मध्ये सुरू केला. त्याच्या दर्शनाला साऱ्या मुंबईतून रांगा लागतात. षण्मुखानंदमध्ये कर्नाटक संगीताइतक्याच आस्थेने हिंदुस्थानी गायनही ऐकले जाते. १९६६नंतर शिवसेनेने दाक्षिणात्य नोकरदारांविरुद्ध आंदोलन केले, तेव्हा या लोकांना भीतीचे दिवस काढावे लागले, हेही नोंदवले पाहिजे. नोकऱ्यांबाबतचा मराठी तरुणांचा रोष समजण्यासारखा होता. उडुपी हॉटेलांवर झालेली दगडफेक मात्र समर्थनीय नव्हती.

पुढच्या पिढीतली पुष्कळ कुटुंबे जागेच्या अडचणीमुळे चेंबूर, मुलुंड आणि आपल्या डोंबिवलीत गेली. तरीही ओणमच्या आदल्या दिवशी भांडारकर रस्त्यावर केळीची पाने, सुरण, कोहळा आणि मोगऱ्याचे गजरे घ्यायला त्यांतली कितीतरी माणसे येतात. कॉफीच्या दुकानात गिऱ्हाईक चिकोरी किती घालायची ते सांगते आणि समोर दळून घेते. भाजीवाल्यांशी घासाघीस बहुधा मराठीतच चालते, त्यामुळे तमिळ येत नसले तरी आपले काही अडणार नाही.