‘पत्री मारली’ म्हणजे नेमके काय केले?

खानापूर तालुक्यातल्या एका तरुण वाचकाने विचारले आहे: ‘आमच्या गावात रात्री विहिरीवरच्या मोटारीची केबल कापताना एक जण सापडला. राखणीला बसलेल्या पोरांनी त्याला धरले, केबल काढून घेतली आणि देवळापुढच्या खांबाला बांधून पहाटेपर्यंत मारले. सकाळी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरला, “चोराला पत्री मारली. हे आपले स्वसंरक्षण आहे.” पत्री हा प्रतिसरकारचा अपभ्रंश आहे का? आणि ‘पत्री’ व ‘स्वसंरक्षण’ हे दोन्ही शब्द इथे बसतात का?’

आधी ‘पत्री’. हा आपल्या मातीतला शब्द आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा जास्त थांबतो.

घोड्याचा खूर अखंड, म्हणून त्याला एक नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन तुकडे लागतात. त्या पातळ, पानासारख्या लोखंडी तुकड्याला आपल्याकडे पत्री म्हणतात. पत्र म्हणजे पान. त्यावरूनच छपराचा पत्रा, गणपतीला वाहतो ती पत्री आणि बैलाच्या खुराची ही पत्री. लहानपणी खरसुंडीच्या जत्रेत वडिलांबरोबर मी हे काम बघितले आहे. दोरखंडाचा फास टाकून बैलाला आडवे पाडायचे, चारी पाय एकत्र बांधायचे, एकाने शिंगे दाबून मानेवर बसायचे. नालबंद खूर तासून सपाट करी, पत्री बसवून बारीक खिळे ठोकी आणि खुराबाहेर आलेली टोके मुरगळून टाकी. बैल सगळा वेळ डोळे फिरवत फुसफुसत असे. सोडल्यावर दोन-चार पावले अवघडून टाकी आणि मग चालू लागे.

हे चित्र १९४३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढचे होते. आजचा सांगली जिल्हाही तेव्हा साताऱ्यातच मोडत होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचे नाव सांगली झाले १९६० मध्ये. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४३ पासून १९४६ पर्यंत या मुलखात इंग्रजांना न जुमानता गावांचा कारभार चालवला. त्या कारभाराचे नाव प्रतिसरकार, लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’. दरोडेखोर, इंग्रजांचे खबरे, गरिबाची जमीन गिळणारे सावकार यांना दिलेली एक शिक्षा म्हणजे पायाच्या तळव्यांवर काठीचे फटके. आडवे पाडायचे, पाय बांधायचे, तळवे वर करायचे. बघणाऱ्याला बैल आठवला नसता तरच नवल. या शिक्षेलाच ‘पत्री मारणे’ म्हणत. खिळे ठोकून माणसांना नाल मारत असत ही दहशत बाहेर पसरली. चळवळीतली माणसे मात्र फटक्यांचेच सांगत आली.

आता अपभ्रंशाचे. ‘प्रति’ची अक्षरे उलटसुलट होऊन ‘पत्री’ झाले, असे सरसकट सांगतात. अक्षरांची अदलाबदल मराठीला नवी नाही. नुकसानचे नुसकान आणि मतलबचे मतबल आपण रोज ऐकतो. पण इथे मला ते पुरेसे वाटत नाही. माझी आजी तासगाव तालुक्यातली, शाळेत न गेलेली. ती प्रसादाला परसाद म्हणे, प्रपंचाला परपंच, प्रकाशला परकाश. आमच्याकडच्या बोलीत सुरुवातीचा ‘प्र’ असा फुटून ‘पर’ होतो. त्या चालीने ‘प्रति’चे ‘परती’ व्हायला हवे होते. आजीच्या तोंडी मी ‘परती सरकार’ कधीच ऐकले नाही, ‘पत्री सरकार’च ऐकले. म्हणजे अनोळखी संस्कृत शब्द घरात येत होता, त्याच वेळी दारात बैलाची पत्री उभी होती आणि शिक्षेचे रूपही तेच होते. लोकांनी परक्या शब्दाला ओळखीच्या शब्दाचे कपडे घातले. व्युत्पत्तीच्या भाषेत याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. माझ्या मते ‘पत्री सरकार’ हा निव्वळ उच्चाराचा घोटाळा नाही. लोकांनी त्या राज्याला समजून उमजून दिलेले ते नाव आहे.

म्हणूनच वाचकाच्या गावातला तो निरोप मला खुपला. प्रतिसरकारच्या काळात तक्रार यायची, गावोगावच्या न्यायमंडळापुढे दोन्ही बाजू बोलायच्या, निवाडा व्हायचा आणि मग शिक्षा. त्या शिक्षेचे गोडवे मी गात नाही. तिच्यावर दाद मागायला वरची जागा नव्हती, आणि तळवे फुटलेला माणूस पत्री मारलेल्या बैलासारखा उठून कामाला लागत नाही. पण तेव्हा कचेरी, कोर्ट, पोलीस सगळे परक्या सत्तेचे होते. आज पोलीस ठाणे आपले आहे, ११२ नंबर खिशात आहे. देवळापुढच्या खांबाला निवाडा नव्हता, उलटतपासणी नव्हती. होती ती मारहाण.

व्याकरणाची एक गोष्ट इथे नजरेत भरते. ‘चोराला पत्री मारली’ या वाक्यात क्रियापद पत्रीशी जुळते आणि कर्ता अलगद गळून पडतो. कोणी मारली? किती जणांनी? वाक्य विचारतच नाही. वर्तमानपत्री ‘बेदम चोप दिला’ याच घरातले. चोप हा आईबापांचा आणि मास्तरांचा शब्द. त्यात मारणारा आपोआप वडीलधारा होतो आणि मार खाणारा वांड पोर. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून लोकांनी काठ्यांनी, पट्ट्यांनी मारले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात त्याच संशयावरून भिक्षेकरी समाजाचे पाच जण ठार झाले. या प्रसंगांना ‘चोप’ म्हणणारा माणूस त्या पाच घरांत जाऊन तो शब्द उच्चारू शकेल का?

‘स्वसंरक्षण’ या शब्दातही एक अडचण आहे, पण वेगळी. त्यातल्या ‘स्व’मुळे वाटते की हा हक्क फक्त स्वतःच्या जिवापुरता. कायद्यात तो मोठा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो सांगितला आहे, आणि कलम ३५ प्रमाणे दुसऱ्याच्या शरीराचे, आपल्या किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे रक्षणही त्यात येते. रस्त्यात कोणी बाईवर हात टाकला आणि अनोळखी माणसाने मध्ये पडून तो हात पिरगाळला, तर तेही यात बसते. शेजाऱ्याच्या विहिरीवरची केबल वाचवायला धावणेसुद्धा बसते. म्हणून मला नुसता ‘बचाव’ हा शब्द जास्त आवडतो. तो कोणाचाही होऊ शकतो.

पण बचावाला वेळेची वेस आहे. धोका समोर आहे तोवरच तो. चोरीच्या बाबतीत माल परत हाती आला, चोर माल घेऊन निसटला किंवा पोलिसांची मदत मिळाली, की हक्क संपतो. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क तर कधीच नव्हता. वाचकाने सांगितलेल्या रात्रीचे त्यामुळे दोन भाग पडतात. पोरे धावली, झटापट झाली, केबल हिसकावली, तोवर बचाव. दोर आणायला कोणी घरी गेले, त्या क्षणापासून शिक्षा. ती द्यायचा अधिकार गावाला नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला साध्या नागरिकाने धरून ठेवायलाही कायद्याची मुभा आहे, पण त्याला विनाकारण उशीर न लावता, फार तर ६ तासांत, पोलिसांकडे द्यायचे असते.

निरोपाखाली कोणीतरी ‘चांगली अद्दल घडवली’ असेही लिहिल्याचे वाचक कळवतात. या शब्दाचा उगम सांगायलाच हवा. अरबीत अदल म्हणजे न्याय. त्याच मुळाचा अदालत. म्हणजे अद्दल आणि अदालत ही सख्खी भावंडे आहेत. मराठीत येता येता अद्दलमधला न्याय झिजला आणि शिक्षा तेवढी उरली.

अन्याय दिसला तर गप्प बसावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. केबल गेली की नवीन घेईपर्यंत पिकाचे पाणी थांबते, आणि तक्रार द्यायला गेलेल्याला ठाण्यात ताटकळावे लागले तर त्याचा संताप खरा असतो. त्यासाठी आपल्याकडे ‘जाब विचारणे’ आहे. जाब म्हणजे जबाब, उत्तर. चोराला विचारा, तक्रार घ्यायला टाळाटाळ करणाऱ्यालाही विचारा. या शब्दाची खुबी अशी की विचारल्यावर समोरच्याला बोलू द्यावे लागते. खांबाला बांधलेल्या त्या माणसाला रात्रभरात कोणी काही विचारले का, हे वाचकाच्या पत्रात नाही. विचारले असेल तर जरूर कळवा.

तर उत्तर असे: केबल हिसकावली तिथपर्यंत ‘बचाव’ लिहा, पुढे ‘मारहाण’ लिहा आणि कर्ता घाला. ‘पत्री’ बैलासाठी आणि १९४३ साठी ठेवा. आणि माण, आटपाडी, जत भागात बैलाच्या खुराच्या या पत्रीला दुसरे नाव असेल, किंवा कोणाच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने खरेच ‘परती सरकार’ म्हटलेले आठवत असेल, तर तेही सांगा. तसे एक जरी उदाहरण मिळाले तरी माझा वरचा तर्क मला बदलावा लागेल.