सुपरवायझर, पण हात न लावणारा?

भांडुपहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगा वीस वर्षांचा. दहावीनंतर आयटीआयमधून लिफ्ट अँड एस्कलेटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला, आता एका लिफ्ट कंपनीत अप्रेंटिस आहे. ग्रीसने काळे झालेले हात घेऊन घरी येतो, ते आईंना बघवत नाही. ‘माणसांवर नुसती देखरेख करायची, असं सुपरवायझरचं काम त्याला लगेच मिळेल असा एखादा कोर्स सुचवा,’ अशी विनंती आहे.

ताई, असा कोर्स नाही. पण मी थबकले ते तुमच्या वेगळ्याच वाक्यावर. ‘गणपतीत पाहुण्यांना सांगितलं की तो इंजिनीअर आहे. तो तिथेच बसला होता. तेव्हापासून कामाचं घरी काही बोलतच नाही.’ एवढं लिहून तुम्ही लगेच मोठ्या दिरांच्या मुलाच्या पॅकेजकडे वळलात. तुमचा मुलगा मात्र अजून त्या पाहुण्यांसमोरच बसलाय. चोरी केली नाही, उधारी केली नाही, स्वतःच्या कमाईला लागला, तरी आईला त्याचं काम लपवावंसं वाटलं. तो बोलणार कसा? नव्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर घर मिळाल्याचं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. त्या चौदाव्या मजल्यावर तुम्हाला रोज पोचवतं कोण, याचा विचार केलात?

आणि सुपरवायझर म्हणजे हात न लावणारा माणूस, हे डोक्यातून काढा. या धंद्यात असा सुपरवायझर एखाद्या पोराचा जीव घेईल. समजा, दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, आत एकच आजी. मशीनचा ब्रेक हाताने सोडला तर केबिन कुठे जाईल? आपण म्हणू, खाली. ती जाते वर! कारण दोराच्या दुसऱ्या बाजूला लटकणारं वजन, म्हणजे काउंटरवेट, रिकाम्या केबिनपेक्षा जड ठेवलेलं असतं, लिफ्टच्या क्षमतेच्या साधारण निम्म्याने. ज्याने तो ब्रेक कधी स्वतः धरलाच नाही, तो खालून बिनधास्त ‘सोड रे’ म्हणून ओरडेल. स्टेशनवरच्या सरकत्या जिन्याचंही तेच. पायऱ्या काढल्या की आतली चेन उघडी पडते. तिथे हात घालण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचं, आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. ती खरंच त्याच्या खिशात आहे ना, हे बघणं म्हणजे देखरेख. ही नजर ग्रीसमध्ये हात घातल्यावरच येते.

पुढे शिकायचंच असेल तर आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो; इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल. पण ते त्याला हवं असेल तर, आणि हातातली अप्रेंटिसशिप पुरी झाल्यावर. स्थळांची काळजी तूर्त बाजूला ठेवा. कुणी विचारलंच तर ‘लिफ्ट मेकॅनिक आहे’ म्हणा, त्याच्यासमोर म्हणा.

काळजी करायचीच आहे ना? मग आज रात्री जेवताना त्याला विचारा: केबिनच्या टॉपवर चढताना बरोबर सीनियर असतो का? पावसात पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात, पाणी साचलं तर आधी वीज बंद करतात, की तसंच उतरवतात? सेफ्टी बेल्ट कंपनीने दिलाय का? ‘कधीकधी एकटाच जातो’ असं म्हणाला, तर मला लगेच कळवा.