भूतान भारताला न विचारता चीनशी सीमाकरार करू शकतो का?

कागदोपत्री हो, करू शकतो, पण डोकलामच्या (भारत-चीन-भूतान सीमा जिथे मिळतात तिथलं, भूतान आणि चीन दोघेही हक्क सांगतात ते पठार) बाबतीत भारताला डावलून करेल असं वाटत नाही. 1949 च्या भारत-भूतान करारात परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला घ्यायचा असं सरळ कलमच होतं, 2007 च्या नव्या करारात ते काढलं आणि आता एवढंच उरलंय की राष्ट्रहिताच्या विषयांत जवळून सहकार्य करायचं आणि आपली जमीन दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू द्यायची नाही. खरी मेख या दुसऱ्या भागात आहे, कारण डोकलामच्या दक्षिणेची जम्फेरी रिज चीनकडे गेली की सिलिगुडी कॉरिडॉरच्या (ईशान्य भारताला उरलेल्या देशाशी जोडणारी चिंचोळी पट्टी) डोक्यावरच येऊन बसतात ते, म्हणून तर जून 2017 ला चीन तिथे रस्ता करायला लागल्यावर आपलं सैन्य मध्ये जाऊन उभं राहिलं, ते ऑगस्टअखेरपर्यंत. भूतानने तेव्हा चीनचा निषेध केला पण भारताबद्दल जाहीरपणे फारसं तोंड उघडलं नाही (हुशारीच म्हणायची). उत्तरेकडच्या जकारलुंग-पासामलुंग या वादग्रस्त खोऱ्यांचं मात्र वेगळं आहे, सीमेवर थिंपू आणि बीजिंग 1984 पासून थेट बोलतायत, 2021 मध्ये तीन टप्प्यांच्या रोडमॅपवर सह्याही झाल्यात, तिथलं काही ठरलं तर दिल्ली फार तर नाक मुरडेल.