कॉन्फरन्सला येताना तुझा जुना करार घेऊन ये

तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि नंतर झोपच लागली नाही. तू लिहिलंयस की पुण्यात सात-आठ वर्षं सिरीयल आणि जाहिरातींना म्युझिक देतोयस, सप्टेंबरमध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला रेपरबान या म्युझिक फेस्टिवलच्या कॉन्फरन्सला यायचंय, इंडस्ट्रीतल्या लोकांकडून शिकायचंय, आणि जमलं तर वर्षभरात बायको आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन इकडेच शिफ्ट व्हायचंय. तर ताई, तिथे नक्की काय शिकायला मिळतं, एकटेपणा येतो का आणि एवढं सगळं करण्यात अर्थ आहे का. व्हिसा कुठला, खात्यात किती पैसे दाखवायचे, हे मी लिहीत नाही, ते दूतावासाच्या साइटवर असतं आणि सारखं बदलतं.

मी कोथरूडची. 2015 च्या मार्चमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो आणि त्याच सप्टेंबरात मी पहिल्यांदा त्या कॉन्फरन्सला गेले. मी बाईंकडे अकरा वर्षं गाणं शिकलेय. मागे तानपुरा घेऊन बसायचं, बाई गातात ते कानात साठवायचं, मधे बोलायचं नाही. तशीच तिथे बसले. रोज चार-पाच चर्चा ऐकल्या, वही भरली, घरी येऊन वाचली तर काय, श्रोत्यांशी नातं जोडा, डेटा बघा, सातत्य ठेवा. हे तुला प्रभात रोडवर बसूनही कळेल रे. स्टेजवरची माणसं वाईट नसतात पण चारशे लोकांसमोर कोणी आपलं खरं काम उघडून दाखवत नाही.

पुढच्या वर्षी मी एकच गोष्ट वेगळी केली. 2013 मध्ये एका सिरीयलचं टायटल साँग केलं होतं, त्याचा दीड पानी करार स्वतः इंग्रजीत करून घेऊन गेले. तिथे पंधरा-पंधरा मिनिटांच्या भेटी ठरवता येतात, त्यात एक साठीच्या म्युझिक पब्लिशर, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या बाई मिळाल्या. त्यांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला, सगळं वाचलं, 'सर्व हक्क कायमस्वरूपी' या ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. मग कपाखालचा कॉफीचा डाग पडलेला टिश्यू ओढला आणि त्यावर दोन गोल काढले. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा रेकॉर्डिंग. दोन्हीचे मालक वेगळे असू शकतात, पैसे वेगळ्या वाटांनी येतात. मग म्हणाल्या, आमच्याकडे गीतकार-संगीतकाराला आपला मूळ कॉपीराइट विकताच येत नाही, फक्त वापराचे हक्क देता येतात, तुमचा कायदा काय सांगतो?

मला माहीत नव्हतं. आपल्याच देशाचा कायदा, आपलंच गाणं, आणि एक परकी बाई विचारतेय आणि मी गप्प.

घरी येऊन रात्री दोनपर्यंत वाचलं. आपल्या कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर, सगळे हक्क लिहून दिले तरी थिएटरात सिनेमाबरोबर वाजणं सोडून इतर वापराच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा बरोबरीचा वाटा राहतो, तो आपण सोडून देऊ शकत नाही, वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. आयपीआरएस, गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी आपली सोसायटी, 1969 पासून मुंबईत आहे आणि मी मेंबरच नव्हते. कोणी सांगितलं नाही म्हणावं तर मी तरी कधी कोणाला विचारलं होतं.

म्हणून निघायच्या आधी एवढं कर. आयपीआरएसची मेंबरशिप घे, केलेल्या कामांची नोंद कर. कोणी किती टक्के केलं ते प्रत्येक गाण्याला कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घे, मित्र असला तरी, मित्र असला तर आधी घे. प्रत्येक रेकॉर्डिंगचा आयएसआरसी, म्हणजे ते रेकॉर्डिंग ओळखायचा बारा अक्षरं-आकड्यांचा कोड, एका शीटमध्ये ठेव, इथे तिसऱ्या मिनिटाला तो विचारतात. गेमा म्हणजे इकडची सोसायटी, पण तेच हक्क त्याच देशासाठी दोन सोसायट्यांना देता येत नाहीत, त्यामुळे इथे आल्याआल्या उत्साहात सही करू नकोस. आणि भेटीत 'माझं काम ऐका' म्हणू नकोस, पेन ड्राइव्ह तर काढूच नकोस. एक कागद समोर ठेव आणि विचार की यात मी कुठे फसलोय. माणूस लगेच खुर्ची पुढे ओढतो. सव्वाअकरा म्हणजे सव्वाअकरा, आणि साडेअकराला उठायचं. आठवड्याच्या आत चार ओळींची मेल, ऐकायची लिंक मेलमध्येच, फाइल जोडायची नाही.

सगळ्यात कामाची गोष्ट मला कॉफीच्या रांगेत एका ड्रमरने सांगितली. स्वतंत्र कलाकारांसाठी इथे 1983 पासून एक सामाजिक विमा आहे, के-एस-के म्हणतात. विमा आणि पेन्शनचा साधारण निम्मा हप्ता आपला, उरलेला सरकार आणि कलाकारांकडून काम घेणारे भरतात. पण आपण कलाकार आहोत हे कागदांवर सिद्ध करावं लागतं. मी पुण्याहून कॉलेजातल्या फिरोदिया करंडक स्पर्धेचं सर्टिफिकेट, गणपतीतल्या कार्यक्रमांची पत्रकं, सगळं मागवून शपथ घेतलेल्या अधिकृत भाषांतरकाराकडून जर्मनमध्ये करून घेतलं. विशारदचा कागद माहेरच्या नावाचा, मधे बाबांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. लग्नाचा दाखला दिला तर त्यावर माझ्या आडनावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं. सात महिने गेले त्यात. तुझ्या बायकोचे सगळे कागद आत्ताच एकाशेजारी एक ठेवून बघ, आज रात्री बघ.

आता शाळा, ज्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस.

माझी मुलगी आठ वर्षांची होती, पुण्यात गणितात वर्गात पहिली. इथे नव्याने आलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गात वर्षभर बसवली, भाषेसाठी, ते ठीक. मग चौथीत घातली आणि इथे चौथीतच ठरतं की पुढे गिम्नाझिउम, म्हणजे अभ्यासात पुढे असलेल्यांची बारा वर्षांची शाळा, की श्टाटटाइलशूल, म्हणजे सगळ्यांसाठीची, जिथे तेच करायला एक वर्ष जास्त लागतं. टीचरने मला बोलावून सांगितलं, मुलगी गोड आहे पण भाषा कमी आहे, तिला ताण नको. छोट्या मुलांच्या खुर्चीवर गुडघे वर करून बसले होते आणि मी हो म्हटलं. हॅम्बुर्गमध्ये ती फक्त शिफारस असते, शेवटचा शब्द आईवडिलांचा असतो, हे मला दीड वर्षानंतर कळलं. ती श्टाटटाइलशूलमध्ये तेरा वर्षं करून आबिटूर, म्हणजे इथली बारावी झाली, चांगली झाली, तिची काही तक्रार नाही. माझी आहे. अजून आहे.

एकटेपणाचं विचारलंयस. होतो. दोन हिवाळे जातात, मराठी मंडळी भेटतात, गणपती बसतो, चालतं.

पण एक सांगते, जे मी कुणालाच लिहिलेलं नाही. त्या टायटल साँगचे शब्द माझ्या मित्राचे होते. आम्ही दर डिसेंबरला रमणबागेत सवाईला एकाच सतरंजीवर बसायचो. तो करार मी आणला होता, कर्वे रोडवरच्या हॉटेलात चहा पिता पिता मीच त्याला म्हटलं होतं, कर रे सही, सगळे असंच करतात. 2016 मध्ये टिश्यूवरचे गोल बघून मला सगळं समजलं आणि मी त्याला ते 2019 मध्ये सांगितलं. तीन वर्षं. का, तर सांगायचं म्हणजे आपण त्याला काय करायला लावलं तेही सांगायला लागणार. फोनवर तो फक्त 'बरं' म्हणाला. त्याने नंतर नोंदणी केली, हे मला दुसऱ्याकडून कळलं. पुण्याला गेले की त्याला मेसेज करते, तो बिझी असतो.

मी इथे डॉक्युमेंटरींना म्युझिक देते, घर चालेल इतकं मिळतं, काम कसं करायचं ते मला इथे येऊनच कळलं. तेव्हा अर्थ आहे का, याला माझं उत्तर हो आहे. फक्त मला जे कळायला इकडे यावं लागलं त्यातलं निम्मं तू पुण्यातच कळून घे, आणि ज्याच्याबरोबर काम केलंयस त्यालाही त्याच दिवशी सांग.

आणि मुलगा चार वर्षं किती महिन्यांचा आहे ते कळव. इथे साडेचारच्या आसपास शाळेत बोलावून मुलाची भाषा तपासतात, आणि जर्मन फार कमी वाटलं तर पहिलीच्या आधीचं वर्ष त्यांच्याच वर्गात बसवावं लागतं. तारीख सांगितलीस तर त्या दिवशी तिथे काय काय विचारायचं ते मी तुला लिहून देते.